शून्य आणि रेघ

पाटबंधारे खात्यात लागलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी बोलणी खाल्ली होती. येरळा नदीवरच्या एका गेजची, म्हणजे पाण्याची पातळी मोजायच्या ठिकाणाची, नोंदवही माझ्याकडे होती. मे महिना, पात्रात नुसती वाळू, पाण्याचा टिपूस नाही. मी रोजच्या रकान्यात आडवी रेघ ओढत गेलो. महिनाअखेरीला साहेबांनी वही उघडली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "पाणी नव्हतं, का तुम्ही गेला नव्हता?" गेलो होतो म्हटलं, रोज सकाळी आठला. "मग शून्य लिहा. रेघ म्हणजे माणूस गेलाच नाही. शून्य म्हणजे माणूस गेला, त्यानं बघितलं आणि पाणी नव्हतं."

नोकरीत शिकलेलं बरंचसं विसरलो, हे तेवढं राहिलं. घरच्या वहीत ते कामाला येईल असं मात्र तेव्हा वाटलं नव्हतं.

घरची वही म्हणजे दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची, माझ्या धाकट्या भावाच्या गाठींची. तारीख, अवयव, डावं-उजवं, मोठ्यात मोठा व्यास, यंत्र कुठलं, स्कॅनचे काप किती जाडीचे. शेवटचे दोन रकाने मागाहून वाढवले. ते का, ते पुढे येईलच.

बाळूला व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ आहे. नाव जिभेवर बसायला आम्हाला महिनाभर लागला, मग सगळ्यांसारखं आम्हीही व्हीएचएल म्हणायला लागलो. हिप्पेल हे जर्मनीतले डोळ्यांचे डॉक्टर, त्यांनी १९०४ मध्ये डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या गाठींचं वर्णन केलं. लिंडाऊ स्वीडनचे. त्यांनी १९२६ मध्ये दाखवून दिलं की डोळ्यातली गाठ आणि लहान मेंदूतली गाठ ही एकाच आजाराची दोन टोकं आहेत. साधारण छत्तीस हजारांत एकाला हा आजार असतो. आई-बापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. आम्ही दोघं भाऊ. माझी तपासणी निगेटिव्ह आली, त्याची पॉझिटिव्ह. गणित अगदी बरोबर जुळलं, असं मी त्या दिवशी लॅबच्या पायऱ्यांवर बोलून गेलो. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

बाळू चौतीस वर्षांचा असताना हे कळलं. तो शाळेत चित्रकला शिकवतो. एक दिवस फळ्यावर वर्तुळ काढताना त्याला वर्तुळाचा एक तुकडा दिसेना. पोरं म्हणाली, सर, पूर्ण आहे की. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून पडदा तपासला, बराच वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "घरात कुणाची नजर गेली होती का?"

गेली होती. आमच्या मामाची, चाळिशीच्या आत. त्याच्या डोळ्यांसाठी आजीनं किती देवांना नवस बोलले होते त्याची गणती नाही. आई १९९१ मध्ये किडनीच्या कॅन्सरनं गेली, एकोणपन्नासाव्या वर्षी. आणि आईचे वडील, ज्यांना मी पाहिलेलं नाही, ते झिंगल्यासारखे चालायचे म्हणून गावानं त्यांना दारुडा ठरवलं होतं. आई शपथेवर सांगायची की ते दारूला कधी शिवले नाहीत. त्यांच्या लहान मेंदूत काय होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण त्यांची वही कुणी ठेवली नाही. पण बाळूच्या पहिल्या एमआरआयवर लहान मेंदूत आठ मिलिमीटरची गाठ दिसली, तेव्हा आम्हा दोघांच्याही मनात एकच माणूस आला. आजोबांवरचा तो डाग आमच्यापुरता त्या दिवशी पुसला.

ज्याच्या बिघाडानं हा आजार होतो तो जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. तो १९९३ मध्ये सापडला, आई गेल्यावर दोन वर्षांनी. त्या जनुकाचं प्रथिन पेशीत काय काम करतं, हे शोधणाऱ्यांत विल्यम केलिन होते. २०१९ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मला समजलं ते असं: प्राणवायू कमी पडला की पेशी एक हाकाटी करते, "रक्तवाहिन्या पाठवा." प्राणवायू पुरेसा असला की व्हीएचएलचं प्रथिन ती हाकाटी बंद करतं. प्रथिनच बिघडलं तर हाकाटी चालूच राहते. घरातले हंडे भरलेले, तरी टँकरसाठी फोन चालू. अशा पेशीभोवती वाहिन्यांचं जाळं वाढतं आणि गाठ होते. बिघडलेली एक प्रत जन्मापासून प्रत्येक पेशीत असते. ज्या पेशीतली दुसरी, चांगली प्रतही कधीतरी निकामी होते, तिथं हे सुरू होतं. म्हणून गाठ एक नसते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या डॉक्टरांनी किडन्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून अंदाज मांडला होता, की व्हीएचएलच्या रुग्णाच्या एका किडनीत अशा सूक्ष्म गाठी सहाशेपर्यंतही असू शकतात. स्कॅनवर दिसतात त्या चार-पाच.

म्हणजे दिसली गाठ की काप, हे इथं चालत नाही. तसं करत गेलं तर किडनी उरणारच नाही. त्याच संस्थेत मार्स्टन लिनेहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो रुग्णांवर लक्ष ठेवून एक नियम बसवला: किडनीतली सगळ्यांत मोठी गाठ तीन सेंटिमीटरची होईपर्यंत थांबायचं, मग तेवढ्या गाठी काढायच्या आणि किडनी राखायची. तीनच्या खालच्या गाठी शरीरात दुसरीकडे पसरल्याचं त्यांना आढळत नव्हतं. आमच्या डॉक्टरबाईंनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं तेव्हा बाळूची बायको म्हणाली, "म्हणजे कॅन्सर आत ठेवून घरी जायचं?" बाई म्हणाल्या, "हो. आणि दरवर्षी यायचं."

हे घरी जाणं सोपं नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांचं एकच: काढून का टाकत नाहीत? दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. एका मावसभावानं तर कुठलासा काढाही पाठवला. बाळूनं त्यात ब्रश धुतले.

वही मी तेव्हाच घातली. मला वाटलं, हे आपलं काम. आकडा आहे, मर्यादा आहे, तारीख आहे. पूररेषेसारखंच तर आहे. संस्थेतल्याच एका अभ्यासात जनुकागणिक किडनीतल्या गाठींच्या वाढीचा वेग काढला होता. व्हीएचएलमध्ये सरासरी वर्षाला ०.३७ सेंटिमीटर, तर बर्ट-हॉग-डुबे नावाच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारात जेमतेम ०.१. बाळूच्या उजव्या किडनीतली गाठ २१ मिलिमीटरची. तिसापर्यंत जायला दोन वर्षं पाच महिने. मी महिनासुद्धा काढून ठेवला होता. पेन्सिलीनं, पण काढला होता.

आणि पहिली चूक माझ्याच शास्त्रात केली. मी व्यास मोजत होतो. धरणाचं ज्याला कळतं त्यानं ही चूक करू नये. प्रत्येक धरणाचा एक तक्ता असतो, पातळी किती तर साठा किती. तळाला मीटरभर पाणी चढलं तर साठ्यात फारसा फरक पडत नाही. वर, जिथं जलाशय पसरट होतो, तिथं तोच एक मीटर कितीतरी टीएमसीचा असतो. गाठीचंही तसंच. दोन सेंटिमीटरची गोल गाठ म्हणजे सुमारे चार मिलिलिटर, चहाच्या चमच्याहून कमी. तीन सेंटिमीटरची म्हणजे चौदा मिलिलिटर, जवळपास तीन चमचे. व्यास दीडपट, ऐवज सव्वातीनपटीहून जास्त. म्हणून वाढीचा विचार करणारे आता सगळ्या कापांवर गाठीची कड आखून घनफळ काढतात. न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाच्या आनुवंशिक आजारात तर गाठी झाडाच्या मुळांसारख्या वाकड्यातिकड्या पसरतात, तिथं व्यासाला अर्थच नसतो. त्यावरच्या औषधांच्या चाचण्यांत घनफळ वीस टक्क्यांनी बदललं तरच बदल धरतात. त्याहून कमी फरक मोजणाराचाही असू शकतो.

मोजणाराचा फरक काय असतो ते आम्ही भोगलं. एका वर्षी नेहमीच्या ठिकाणचं यंत्र बंद होतं म्हणून दुसऱ्या सेंटरला गेलो. रिपोर्ट आला: उजव्या किडनीतली गाठ २४ मिलिमीटर, "आधीच्या तुलनेत वाढ". २१ चे २४. मी तक्ता काढला, घनफळ जवळजवळ दीडपट. त्या रात्री मी झोपलो नाही. बाळू झोपला, त्याच्या बायकोनं सांगितलं, पण दिवा चालू ठेवून. चार दिवसांनी डॉक्टरबाईंनी दोन्ही सीड्या शेजारी शेजारी लावल्या. जुन्या स्कॅनचे काप तीन मिलिमीटरचे, नव्याचे पाच. जुना व्यास आडव्या कापावर मोजलेला, नवा उभ्या. बाईंनी दोन्हीवर त्याच दिशेनं, त्याच जागी रेघ ओढली. २१ आणि २१.५. म्हणजे काहीच नाही. शेवटचे दोन रकाने त्या दिवशी वाढले.

बाळूला मात्र त्या दिवशी वेगळंच सापडलं. बाई माऊसनं गाठीची कड आखत होत्या आणि तो खुर्ची पुढे ओढून बघत होता. "मॅडम, इथं तुम्ही कड आत घेतली," तो म्हणाला, "मी बाहेरून घेतली असती." बाई थांबल्या. "का?" "इथं काळं एकदम संपत नाही ना, विरत जातं. जलरंगाच्या वॉशमध्ये असतं तसं. रंग कुठं संपला ते कागद ठरवत नाही, आपण ठरवतो." बाई हसल्या आणि म्हणाल्या, दोन रेडिऑलॉजिस्टना एकच गाठ आखायला दिली तर दोन कडा येतात. मग त्यांनी माऊस त्याच्या हातात दिला. माझा भाऊ स्वतःच्या किडनीतल्या गाठीची आऊटलाइन काढत बसला होता, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, आठवीच्या पोराला स्टिल लाइफ दाखवावं तसा. बाईंच्या रेघेत आणि त्याच्या रेघेत घनफळाचा किती फरक पडला, ते मी विचारलं नाही. मला भीती वाटली.

वहीचा माझा खरा पराभव लहान मेंदूच्या पानावर झाला. २०१५ पासूनचे आठ आकडे तिथं ओळीनं आहेत: ८, ८, ८, ८, ११, १४, १४, १४. सात वर्षांत सहा मिलिमीटर. वर्षाला सरासरी ०.८६. पण ०.८६ नं वाढलेलं एक तरी वर्ष त्यात आहे का? ती एकतर हललीच नाही किंवा तीन मिलिमीटरनं उडी मारली. पहिली चार वर्षं कुणी मला अंदाज विचारला असता तर मी छातीठोकपणे आठ सांगितले असते. उडीची दोन वर्षं झाल्यावर विचारलं असतं तर सतरा. दोन्ही वेळा तोंडघशी पडलो असतो.

हे बाळूचंच वैशिष्ट्य असेल असं वाटलं होतं. तसं नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मेंदू आणि मणक्यातल्या अशा गाठींवर वर्षानुवर्षं एमआरआयनं नजर ठेवली, तेव्हा साधारण निम्म्या गाठी वाढल्याच नाहीत. ज्या वाढल्या त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश अशाच थांबून थांबून वाढल्या: मुक्काम, उडी, मुक्काम. सरळ रेषेत वाढणाऱ्या अगदी थोड्या. शिवाय त्रास पुष्कळदा गाठीचा नसतोच, गाठीशेजारी पाण्याची पिशवी धरते तिचा असतो, आणि ती पिशवी गाठीपेक्षा झपाट्यानं फुगते. "वाढतेय म्हणून काढू" असं म्हणायचं तर उद्या थांबणारी गाठ आज कापल्यासारखं होतं. "थांबलीय म्हणून सोडू" म्हणायचं तर, आजोबा.

तरी अंदाज बांधणारे आहेतच, आणि त्यांच्याविषयी मला आपुलकी वाटते. बेथेस्डामधल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, अमेरिकेतच, रोनाल्ड समर्स यांच्याबरोबरच्या मंडळींनी व्हीएचएलच्या रुग्णांच्या स्वादुपिंडातल्या गाठी घेतल्या. या गाठी बऱ्याचदा सावकाश वाढतात, त्यांच्यावरही काही काळ नुसती नजर ठेवतात. तीन सेंटिमीटरहून मोठी, पाचशे दिवसांच्या आत दुप्पट होणारी आणि जनुकाच्या एका ठराविक भागात बिघाड असलेली गाठ पसरण्याचा धोका जास्त, असं आधी दिसून आलेलं होतं. म्हणजे दुप्पट कधी होईल हा प्रश्न कागदी नव्हता. त्यांनी काय केलं, तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य, देण्याआधीचा आणि दिल्यानंतरचा सीटी घेऊन गाठीत कुठं पेशी किती दाटीनं आहेत ते काढलं. पेट स्कॅनवरून कुठला भाग किती साखर खातो ते काढलं. मग समीकरण मांडलं: पेशी किती वेगानं दुणावतात, किती वेगानं पसरतात, शेजारचा भाग त्यांना किती दाबून धरतो. ते समीकरण पाहून मी दचकलो. त्यातला पसरण्याचा तुकडा म्हणजे आम्ही भूजलाच्या झिरपण्याला वापरायचो तोच. पुढे अशाच रुग्णांच्या स्कॅनवर न्यूरल नेटवर्कही, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा संगणकाचा प्रोग्रामही, शिकवून पाहिला, शेजारात शिरणं वेगळं आणि नुसतं ढकलत फुगणं वेगळं, असं.

पण मला आवडली ती त्यांची परीक्षा. प्रत्येक रुग्णाचे तीन वेळचे स्कॅन. पहिल्या दोनांवरून आकडे बसवायचे, तिसरा झाकून ठेवायचा. गाठ कुठवर गेली असेल ते आखायचं आणि मग झाकण उघडायचं. किती जुळलं ते कापावर कापानं बघायचं. ही माणसं गेजवरची, असं मला वाटलं. रुग्ण मात्र होते दहा. दहा पावसाळ्यांवरून पूररेषा आखणाऱ्याला आम्ही खात्यात हसलो असतो. आणि स्वादुपिंडातली गाठ शहाण्यासारखी वाढते म्हणून लहान मेंदूतली तशीच वागेल, हे माझी वही मानत नाही.

हे दहा जण आले कुठून, याचा विचार मी पुष्कळ दिवस करत होतो. गाठ न कापता, औषध न देता वाढत असताना तिचे एकामागून एक स्कॅन मिळायचे कुठे? एरवीच्या कॅन्सरमध्ये कोण थांबतं? गाठ दिसली की कापतात, जाळतात, औषध देतात. ते योग्यच आहे, पण मग ती मोकळी वाढली असती तर कशी वाढली असती, ते कळायला जागाच राहत नाही. थांबतात ते बाळूसारखे. त्यांना थांबावं लागतं, कारण एक काढली तरी मागे सहाशे आहेत. गाठ मनानं कशी वाढते याबद्दल जगाला जे माहीत आहे त्यातलं कितीतरी अशा घरांनी दिलंय, वर्षातून एकदा त्या नळीत डोळे मिटून पडून, वर हातोडे आपटल्यासारखा आवाज ऐकत. हे मी बाळूला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, मी काही विज्ञानासाठी पडत नाही तिथं. पार्किंगचे पैसे भरलेले असतात म्हणून पडतो."

मी आता महिना काढत नाही. अंदाजाकडून माझं मागणं कमी झालंय. गाठ अमुक तारखेला अमुक होईल हे नको. पुन्हा कधी मोजायचं, तेवढं सांगा. पुरात आम्ही तासातासाला गेज वाचायचो, उन्हाळ्यात दिवसातून एकदा. नदीचा रंग बघून ते ठरायचं. डॉक्टरबाईही आताशा तसंच करतात: किडनीचं वर्षानं, लहान मेंदूचं उडीनंतर सहा महिन्यांनी, मग पुन्हा वर्षानं. मधल्या काळात त्या पेशींची हाकाटीच दाबणारी बेल्झुटिफॅन नावाची गोळी निघाली, अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये तिला मंजुरी मिळाली. उजवी गाठ तिसाला टेकली तर तेव्हा तिच्याविषयी बोलू, असं बाई म्हणाल्या. ती अजून २३ वर आहे. माझ्या हिशेबानं ती तीस व्हायला हवी त्याला केव्हाच वर्षं लोटली.

यंदा वहीत नवं पान सुरू झालं. बाळूची मुलगी बारा वर्षांची आहे. ती होण्याआधी निम्मी शक्यता सगळ्यांना माहीत होती. त्या दोघांनी काय बोलणं केलं ते त्यांचं, मी विचारलं नाही. तिला जनुक आलाय. डोळ्यांची तपासणी तान्ही असल्यापासून दरवर्षी होते, यंदा मेंदू आणि मणक्याचा पहिला एमआरआय झाला. आत जाताना तिनं केसांची क्लिप काढून माझ्या हातात दिली. पाऊण तास मी ती क्लिप उघड-बंद करत बसलो.

रिपोर्टवर होतं: गाठ आढळली नाही. संध्याकाळी मी वही काढली, तिचं नाव घातलं, तारीख, यंत्र, कापांची जाडी. व्यासाच्या रकान्यापाशी आलो तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली.

"मोठे काका, तिथं काहीच लिहायचं नाही ना? तिथं काही नाहीये."

"शून्य लिहायचंय."

"का?"

मी येरळेची गोष्ट सांगायला लागलो, साहेब, चष्मा, वाळू. तिनं निम्म्यावरच पेन ओढून घेतलं आणि स्वतःच शून्य काढलं. बापाचा हात आहे तिला, एका फटक्यात गोल. फक्त रकान्यापेक्षा बरंच मोठं झालं, वरच्या ओळीतल्या तारखेवर चढलं.

"बाबा, बघा," तिनं आत हाक मारली.

बाळू चष्मा पुसत आला आणि वही उजेडाकडे धरली. "उजवीकडं जरा चपटं आलंय," तो म्हणाला.